तीन बोटं आणि वीस वर्षं

कॅन्सर संशोधनाच्या अनुदानाला सरकारने मुदतवाढ दिली, अशी बातमी येते तेव्हा आपण ती वाचून पान उलटतो. नवं औषध सापडलं असतं तर थांबलो असतो. मला मात्र ही मुदतवाढच मोठी बातमी वाटते, आणि त्याचं कारण मुंबईतच घडलेलं आहे.

1998 साली परळच्या टाटा मेमोरियलने एक साधा प्रश्न हाती घेतला. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढायचं यंत्र आपल्या वस्त्यांपर्यंत पोचत नाही. मग नुसत्या हाताने तपासून स्तनाचा कॅन्सर लवकर पकडता येईल का? मुंबईच्या वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये तपासणी नव्हती; उरलेल्या निम्म्यांमध्ये दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका तपासणी करत. या डॉक्टर नव्हेत. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, गोल गोल फिरवत, आधी हलकं, मग जरा दाबून, काखेपर्यंत बघायचं. वाटाण्याएवढं काही हाताला लागलं, की पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं.

तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. खरी कसोटी त्यानंतर होती. कॅन्सर झालेली बाई कित्येक वर्षं जगते, आणि जगावी म्हणून तर हा खटाटोप. त्यामुळे तपासणीने मृत्यू टळले का, हे दोन-चार वर्षांत कळूच शकत नाही. तोवर दर दोन वर्षांनी दोन्ही गटांची खबर घ्यावी लागते. ज्या गटाची तपासणीच झाली नाही, त्याचीही. नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि मुंबईत पत्ता टिकतो कुठे? चाळ पडते, झोपडी हलते, कुणी गावी जातं. घरोघरी विचारत फिरणाऱ्या माणसांचा पगार थांबला, की माग तुटतो. तुटलेला माग नंतर कितीही पैसे ओतले तरी जुळत नाही. प्रयोगशाळेचंही तसंच आहे. उणे 80 अंशांवर जपलेला गाठीचा तुकडा एकदा वितळला की गेला.

म्हणून अखंड पैसा लागतो. या अभ्यासाला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचं अनुदान होतं. टाटा मेमोरियलचा मुख्य आधार मात्र केंद्राचं अणुऊर्जा खातं. कॅन्सर रुग्णालय या खात्याकडे 1962 साली गेलं, होमी भाभांच्या काळात. किरणोत्साराचा उपचार आणि अणुविज्ञान यांचं नातं तेव्हाच ओळखलं गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

वीस वर्षांनी हिशेब मांडला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे बळावलेल्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर 37 टक्के, दुसऱ्या गटात 47 टक्के. सगळ्या वयांत मिळून स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू 15 टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाचा नाही असं संख्याशास्त्र ठामपणे म्हणू देईना. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही.

डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांचा या अभ्यासावरचा शोधनिबंध 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पहिल्या फेरीत पस्तिशीची असलेली बाई तोवर साठीकडे झुकली होती.