पुतळीहारातली पुतळी मुळात कुणाची?

लग्नसराईत लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही पेढीत पुतळीहार मागा. ट्रे पुढे सरकवता सरकवता विक्रेता म्हणणारच, "अस्सल पेशवाई दागिना आहे, ताई." हे चूक नाही, पण अर्धंच आहे. पुतळी हा शब्द मराठीत पेशवाईच्या आधीपासून आहे. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी येते. तिच्यात मोहरा आणि होन यांच्या रांगेत पुतळ्याही आहेत. पुतळी त्या काळी नाणं म्हणून मोजली जात होती. आणि हे नाणं रायगडावर पाडलेलं नव्हतं, दिल्लीतही नव्हतं. ते आलं व्हेनिसहून.

व्हेनिसनं १२८४ मध्ये डुकाट नावाचं सोन्याचं नाणं काढलं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं त्या काळच्या भट्टीला जमेल तितकं शुद्ध, जवळजवळ चोवीस कॅरेट. नाण्याच्या एका बाजूला दोन माणसं आहेत. डावीकडे उभा आहे तो संत मार्क, व्हेनिसचा रक्षणकर्ता. उजवीकडे गुडघे टेकून बसलाय तो तिथला निवडून आलेला प्रमुख, डोजे. दोघांच्या मधे एक झेंड्याची काठी, तिला दोघांनी धरलंय, आणि काठीच्या कडेनं तीन रोमन अक्षरं एकाखाली एक कोरलेली. दुसऱ्या बाजूला लंबगोलात उभा येशू, भोवती चांदण्या. शतकं उलटली, डोजे बदलत गेले, तसं नाण्यावरचं डोजेचं नाव बदललं. वजन, कस आणि चित्र मात्र व्हेनिसनं १७९७ पर्यंत तसंच ठेवलं. त्या वर्षी नेपोलियननं ते प्रजासत्ताक बुडवलं, तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव नुकता गादीवर आला होता.

इतकी वर्षं न बदलणं हेच या नाण्याचं भांडवल. युरोपाला मिरी, मसाले, कापड हवं होतं आणि बदल्यात द्यायला इथे खपेल असा माल फारसा नव्हता, म्हणून सोनं-चांदी यायची. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियाला मसाला घेत, तिथून पैसा तांबड्या समुद्रातून जहाजांवर चढे आणि सुरत, चौल, दाभोळ अशा बंदरांना उतरे. पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर. वाटेवर या नाण्याचा दबदबा एवढा की, कैरोच्या सुलतान बार्सबायनं १४२५ मध्ये आपलं सोन्याचं नाणं डुकाटच्याच वजनाच्या आसपास बेतलं. त्या सुलतानाचा किताब अल-अश्रफ, म्हणून नाणं अशर्फी. आपल्या गोष्टींमधल्या राजाच्या हंड्यातली अशर्फी ती हीच.

आता देशावरच्या माणसाच्या हातात हे नाणं पडलं, तेव्हा त्याला काय दिसलं असेल? अक्षरं वाचता येत नव्हती. संत मार्कशी त्याचं देणंघेणं नव्हतं. दिसल्या त्या बाहुल्या, म्हणून पुतळी. मला हे नामकरण फार आवडतं, कारण त्यात कसलाही बडेजाव नाही. नाणं खरं की खोटं हे गावगाड्यात पोतदार ठरवायचा, आणि तो बहुधा सोनारच असे. कसोटीवर घासलं की पुतळीचा कस दर वेळी तसाच उतरायचा. अशा सोन्याला कडी लावून गळ्यात घालणं म्हणजे बचत अंगावर बाळगणं. हिशेब करून बघा: तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तोळ्याला तीन पुतळ्या आणि वर थोडं. वीस पुतळ्यांचा हार सहा तोळ्यांचा. अडीनडीला एक काढली तरी हार हारच राहतो.

मागणी वाढली तशा इथल्या सोनारांनी पुतळ्या घडवायला घेतल्या, आणि खरी गंमत इथे सुरू होते. नकलेवरून नक्कल होत गेली. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आल्या, चांदण्यांचे ठिपके झाले, डोजेच्या टोपीचं काय करावं हे कुणालाच कळलं नाही. पण मधली काठी आणि दोन बाजूंच्या दोन आकृत्या टिकल्या, कारण गिऱ्हाईक कस ओळखायचं ते त्या चित्रावरून. पुढे चित्र आणि कस यांची फारकत झाली आणि त्या जागी कमळावरची लक्ष्मी आली. आजच्या हारात बहुतेक तीच असते, पत्र्यावर ठशानं उठवलेली.

नाणं गळ्यात घालायची सवय मात्र डुकाटहून कितीतरी जुनी. ऋग्वेदात रुद्राच्या अंगावर निष्क आहे. निष्क म्हणजे गळ्यातलं सोन्याचं भूषण. हाच शब्द पुढे नाण्याला लागला. तिथे दागिन्याचं नाणं झालं, इथे नाण्याचा दागिना. सातवाहनकाळात रोमचं सोनं आपल्याकडे इतकं येत होतं की, हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार आहे. ज्यांना ते सोनं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला निघाल्या. तेलंगणातल्या कोंडापूरसारख्या ठिकाणी त्या सापडल्या आहेत, ओवण्यासाठी भोक किंवा कडी असलेल्या. त्या काळचे एक ग्रॅमवाले दागिनेच म्हणा ना. पण म्हणून रोमन नाण्यापासून पुतळीहारापर्यंत सरळ रेघ ओढायला मी धजणार नाही. मधे हजारेक वर्षांची पोकळी आहे.

जाता जाता एक शब्द. डुकाटचं दुसरं नाव झेक्किनो. ते झेक्का, म्हणजे टांकसाळ, यावरून आलं, आणि झेक्का अरबी 'सिक्का'वरून. आपला शिक्का तोच. झेक्किनोचं इंग्रजीत सिक्विन झालं, आणि हल्ली साड्यांवर ज्या चमचमत्या टिकल्या लावतात त्यांना तेच नाव आहे. पुतळीहार आणि सिक्विनची साडी एकत्र नेसून मिरवणाऱ्या नवरीला हे नातं सांगून बघायला हवं.

आमच्या आजीचा हार मागच्या वर्षी रविवार पेठेत गाठवायला दिला होता. रेशीम कुजलं होतं. कारागिरानं सगळ्या पुतळ्या कापडावर सुट्या पसरल्या. एकवीस लक्ष्म्या, आणि एक वेगळी: पातळ, कडेला जराशी वाकलेली, मधे काठी, दोन बाजूंना दोन काड्यांची माणसं. त्यानं ती भिंगाखाली धरली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "ही मागे गोफाजवळ ओवू ना? पुढून विजोड दिसेल." आजीनंही ती मागेच ओवलेली होती. मी मधोमध ओवायला सांगितलं.