अमेरिकेतील पक्षांची अदलाबदल आणि वर्णभेद

अमेरिकेत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक हे दोन मोठे पक्ष. दक्षिणेकडील राज्यांत त्यातला गोऱ्या मतदारांचा पक्ष कोणता आणि काळ्यांचा कोणता, याचे उत्तर शंभर वर्षांत नेमके उलटे झाले. पाट्या त्याच राहिल्या, खालची माणसे बदलली. ‘आमचा पक्ष गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा’ हा रिपब्लिकनांचा दावा म्हणूनच कागदोपत्री खरा असतो, पण त्यावरून आजचे फारसे काही ठरत नाही.

रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी निघाला. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, पंधराव्या घटनादुरुस्तीने (१८७०) काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला आणि त्याच वर्षी मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटमधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले, अर्थातच रिपब्लिकन. पण अध्यक्षीय निवडणुकीच्या वादावर झालेल्या १८७७ च्या समझोत्यानंतर केंद्राने दक्षिणेतून फौजेचे पाठबळ काढून घेतले आणि सत्ता गोऱ्या डेमोक्रॅटांकडे गेली. त्यांनी मताधिकार उघडपणे रद्द केला नाही, आडवाटेने काढून घेतला: मतदानासाठी कर, वाचनाची परीक्षा. परीक्षेत गरीब गोरेही नापास होतील म्हणून लुइझियानाने १८९८ मध्ये ‘आजोबा कलम’ आणले. ज्याचा बाप किंवा आजोबा १८६७ पूर्वी मतदार होता, त्याला परीक्षा माफ. तेव्हा मतदार असलेला आजोबा काळ्या माणसाला कुठून असणार? त्या राज्यातले काळे मतदार १८९६ मध्ये १,३०,००० च्या वर होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

अलाबामात डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते कोंबडा, आणि त्याच्या डोक्यावर ‘गोऱ्यांचे वर्चस्व’ असे शब्द चक्क छापलेले. ते १९६६ मध्ये काढले गेले. त्याच राज्याच्या लाउन्ड्स परगण्यात सुमारे ८० टक्के लोकसंख्या काळी, आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातले नोंदणीकृत मतदार जवळपास शून्य. मतदानातले असे अडथळे दूर करणाऱ्या १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर तिथल्या काळ्या लोकांनी कोंबड्याखाली शिक्का मारायचे नाकारून स्वतःचा स्थानिक पक्ष काढला. चिन्ह घेतले काळा पँथर. निवडणूक ते हरले, पण चिन्ह कॅलिफोर्नियात ओकलंडला पोचले, तिथून ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला, आणि १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ नाव दिले ते त्याच्यावरूनच.

अदलाबदल एका झटक्यात झाली नाही. उत्तरेतले काळे मतदार १९३६ मध्येच डेमोक्रॅट अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यामुळे मोठ्या संख्येने डेमोक्रॅटांकडे वळले होते. त्यांच्यानंतरचे डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा हुकूम काढला; त्या वर्षी नागरी हक्कांच्या प्रश्नावर दक्षिणेतले डेमोक्रॅट बिथरले आणि अध्यक्षपदाचे त्यांचे बंडखोर उमेदवार स्ट्रॉम थर्मंड चार राज्ये जिंकले. खरी फाळणी १९६४ ची. सार्वजनिक ठिकाणी आणि नोकरीत वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. विरोधातल्या २७ पैकी २१ डेमोक्रॅट होते, पण कायद्यावर सही करणारे अध्यक्ष जॉन्सनही डेमोक्रॅटच. कायद्याविरुद्ध मत दिलेले अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर देशभर सपाटून हरले. स्वतःचे ॲरिझोना सोडले तर त्यांना मिळाली ती फक्त खोल दक्षिणेतली पाच राज्ये. मिसिसिपीत ८७ टक्के मते! थर्मंड त्याच वर्षी रिपब्लिकन झाले. दक्षिणेतल्या गोऱ्यांची ही मते धरून ठेवण्याच्या, पुढचे रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्या डावपेचाला ‘दक्षिणी व्यूहनीती’ म्हणतात. त्यात काळ्यांचे नाव घ्यावे लागत नसे. ‘कायदा आणि सुव्यवस्था’ किंवा ‘राज्यांचे हक्क’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला कळत असे.

दक्षिणेतल्या वाढत्या उपनगरांनी आणि चर्चच्या राजकारणानेही हा कल वाढवला, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. शिवाय सगळे पुढारी काही पलीकडे गेले नाहीत. कधीकाळी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी दहशती संघटनेत असलेले सिनेटर रॉबर्ट बर्ड अखेरपर्यंत डेमोक्रॅट राहिले आणि आपल्या जुन्या कृत्याबद्दल माफी मागत राहिले. बदल खरा झाला तो मतदारांत, तोही वरून खाली झिरपत: अध्यक्षपदासाठी आधी, गावपातळीवर शेवटी. अलाबामाचे विधिमंडळ रिपब्लिकनांकडे गेले ते २०१० मध्ये, १३६ वर्षांनी.