आयटीआय की डिग्री : नाशिकच्या हिशेबामागचा इतिहास

नाशिकला कॉलेज आधी आले, कारखानदारी नंतर. १९२४ मध्ये एचपीटी कॉलेज सुरू झाले तेव्हा पदवीचा अर्थ सरकारी नोकरी, वकिली किंवा मास्तरकी. पदवीधर मोजके होते, म्हणून भाव होता.

हे गणित साठच्या दशकात बदलले. १९६१ चा अप्रेंटिस कायदा, १९६२ मध्ये एमआयडीसी (राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ), १९६४ मध्ये ओझरला एचएएलचा मिग लढाऊ विमानांचा कारखाना, शिवाय सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती. फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांना मागणी आली. दहावीनंतर दोन वर्षे आयटीआय, वर्षभर अप्रेंटिसशिप आणि पुढे पर्मनंट, ही वाट रूढ झाली. युनियनचा वेतनकरार आणि ओव्हरटाइम जमेस धरला तर असा कामगार बी.कॉम. कारकुनाला सहज मागे टाकू शकत असे. आजही घरातली वडीलधारी मंडळी आयटीआयची बाजू घेतात ती याच आठवणीवर.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. डिग्रीच्या जागा वाढल्या, पण फी पालकांच्या खिशातून जाऊ लागली. तिकडे कारखान्यांत पर्मनंटची जागा कंत्राटी आणि ट्रेनी भरतीने घेतली. अप्रेंटिसला नंतर नोकरी द्यावी असे बंधन मालकावर कायद्याने सरसकट घातलेले नाही. २४० दिवस सलग भरले की कायमपणाचा दावा करता येत असे, म्हणून सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे काही काळ घरी बसवण्याची पद्धत पडली.

आयटीआय की डिग्री हा हिशेब चुकतो तो इथेच. बहुतेक जण फक्त फी धरतात, डिग्री शिकताना बुडालेली कमाई धरत नाहीत. आयटीआयवाला साधारण एकोणिसाव्या वर्षी कमावू लागतो, इंजिनिअर बाविसाव्या. समजा आयटीआयवाल्याला महिना १५,००० रुपये मिळतात, तर तीन वर्षांचे ५,४०,००० झाले. पण दर सात महिन्यांमागे दोन महिने घरी बसावे लागले तर ३६ पैकी २८ महिन्यांचाच पगार, म्हणजे ४,२०,०००. हा आकडा फीमध्ये मिळवावा, आणि समोर पर्मनंट काकांचा पगार न ठेवता आजच्या ट्रेनीचा ठेवावा. २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी शुल्क माफ आहे. तिथे त्या शुल्काचा बोजा उरत नाही, बुडालेली कमाई मात्र उरतेच.

साध्या बी.ए., बी.कॉम.चे प्रकरण वेगळे. तिथे पदवी बहुधा पगार वाढवत नाही, फक्त एमपीएससी आणि बँक परीक्षांची पात्रता देते. तेवढ्यासाठी तीन वर्षे कमाई थांबवण्याची गरज १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला आल्यापासून राहिलेली नाही. अडचण कामाच्या पाळीची आहे. फिरत्या शिफ्टमध्ये संपर्कसत्रे (अभ्यासकेंद्रावरचे वर्ग) बुडतात आणि परीक्षेच्या दिवशी रजा नाकारली जाते, म्हणून प्रवेश घेण्याआधी परीक्षेचे वेळापत्रक सुपरवायझरच्या हातात द्यावे.