केंद्र चालवणं आणि शिकणं घडवणं

बालशिक्षणातलं नेतृत्व वाढवायला निघालेले बहुतेक अभ्यासक्रम उघडून पाहिले, तर आत काय सापडतं? अंदाजपत्रक, कायदे, नोंदी, भरती, पालकांच्या तक्रारी. हे सगळं लागतंच. हे शिकून बाहेर पडलेली व्यक्ती केंद्र व्यवस्थित चालवेल, यातही शंका नाही. पण त्या केंद्रातली मुलं त्यामुळे जास्त शिकतील का, हा प्रश्न तसाच राहतो. प्रशासकीय नेतृत्व आणि शैक्षणिक नेतृत्व यांची इथे सर्रास गल्लत होते आणि तिची किंमत वर्गापासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे मोजावी लागते.

एक वर्ग घ्या. चार वर्षांची मुलगी पाण्याच्या टबाशी बसली आहे. अरुंद तोंडाची बाटली ती पाण्यात उभी दाबते; भुडभुड आवाज होत बाटली भरते. ती बाटली रिकामी करते आणि या वेळी आडवी बुडवते. मान वाकडी करून बुडबुड्यांकडे बघत राहते. फरशीवर पाणी सांडलंय. शिक्षिका म्हणते, "अगं, हळू! सांडतंय ना," आणि पुढच्या टेबलाकडे वळते.

मागे उभी असलेली प्रशासक काय टिपते? पटावर अठरा, हजर सोळा. भिंतीवरचे तक्ते जागच्या जागी. फरशी ओली, कोणीतरी घसरेल. यातली एकही नोंद चुकीची नाही, आणि घसरण्याची काळजी तर अगदी रास्त. शैक्षणिक नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीला तिथेच आणखी काही दिसतं: मुलगी काहीतरी पडताळून पाहत होती आणि मोठ्या माणसाचं तिच्याशी बोलणं एका वाक्यात आटोपलं. मुलं घरी गेल्यावर ती शिक्षिकेबरोबर बसते, तेव्हा शेरा मारत नाही. विचारते, "दुसऱ्या वेळी तिनं बाटली आडवी का धरली असेल?"

"बुडबुडे कमी येतात का, ते बघत असेल."

"तुम्ही तिथे दोन मिनिटं थांबला असतात, तर तिला काय विचारलं असतं?"

पुढच्या आठवड्यात टबाशेजारी निरनिराळ्या तोंडांच्या बाटल्या असतात. आणि हो, फरशी पुसायला फडकंही.

हा फरक केवळ आवडीनिवडीचा नाही. इंग्लंडमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या 'ईपीपीई' या अभ्यासात १४१ केंद्रांमधल्या सुमारे ३,००० मुलांचा मागोवा घेतला गेला. ज्या केंद्रांतली मुलं अधिक पुढे गेली, तिथे मूल आणि मोठं माणूस मिळून एखादा प्रश्न चिकाटीनं लांबवर नेतात, असे प्रसंग जास्त आढळले. मात्र चांगल्या केंद्रांतसुद्धा असे प्रसंग तसे विरळच होते. अमेरिकेत गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी असलेल्या 'हेड स्टार्ट' या सरकारी कार्यक्रमाच्या वर्गांचं निरीक्षण 'क्लास' नावाच्या मापनपद्धतीनं होतं. एक ते सात अशी श्रेणी आणि तीन भाग: भावनिक आधार, वर्गाची घडी आणि शिकण्याला मिळणारी चालना. पहिल्या दोहोंत देशाची सरासरी सहाच्या आसपास असते, तिसऱ्यात तीनच्या आसपास. म्हणजे प्रेमळ शिक्षिका आहेत, वर्ग शिस्तीत चाललेत, पण मुलांचा विचार पुढे ढकलणारं बोलणं कमी पडतं. नेमका हाच भाग हजेरीपटात आणि तपासणीच्या तक्त्यात उतरत नाही.

धोरणाच्या पातळीवर गल्लत आणखी महाग पडते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा बालवाडी कार्यक्रम कागदावर उत्तम होता. राष्ट्रीय पातळीवरच्या दहा गुणवत्ता-निकषांपैकी नऊ तो पूर्ण करत होता. सुमारे ३,००० मुलांवर, चिठ्ठ्या टाकून प्रवेश ठरवून, त्याचा अभ्यास झाला. २०२२ साली सहावीपर्यंतचे निष्कर्ष आले तेव्हा या बालवाडीत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा चाचण्यांत मागे होती. कारणांवर संशोधकांचे वाद आहेत आणि एका राज्यावरून साऱ्या बालवाड्या निकालात काढणं चुकीचंच ठरेल. पण नऊ निकष पूर्ण झाले म्हणून निश्चिंत झालेल्या कोणालाही हे अवघड जावं.

अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात गोष्ट निराळी झाली. १९९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गरीब भागांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना दर्जेदार बालशिक्षण देण्याचा आदेश दिला. आदेश एकतीस शालेय जिल्ह्यांना लागू झाला. वर्गात जास्तीत जास्त पंधरा मुलं, शिक्षकाकडे पदवी आणि बालशिक्षणाचं प्रमाणपत्र, हा भाग प्रशासनाचा. त्याच्या जोडीला अनुभवी शिक्षकांना 'मास्टर टीचर' म्हणून नेमलं गेलं. त्यांचं काम वर्गात जाऊन बसायचं, निरीक्षण करायचं आणि शिक्षकांबरोबर त्यावर काम करायचं. वर्गांचा दर्जा काही वर्षांत स्पष्ट उंचावला आणि मुलांना झालेला फायदा चौथी-पाचवीतही मोजता आला. हे श्रेय एकट्या मास्टर टीचरांना देता येणार नाही. पैसा, वेतन, पात्रता सगळंच एकत्र आलं होतं. माझ्या मते मुद्दा एवढाच, की आखणी करणाऱ्यांमध्ये वर्ग आतून ओळखणारे लोक होते, म्हणून वर्गाच्या आतल्या कामासाठीही तरतूद झाली.

इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरानं तर ही दोन कामं रचनेतच वेगळी काढली. १९६३ पासून नगरपालिकेनं चालवलेल्या तिथल्या बालशाळांना मुख्याध्यापकच नसतो. शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुझ्झी यांच्या मार्गदर्शनाखाली 'पेडागोजिस्ता' हे पद घडत गेलं: काही मोजक्या शाळा एका व्यक्तीकडे, आणि तिचं काम शिक्षकांबरोबर मुलांच्या शिकण्याचा अर्थ लावणं. तीच व्यक्ती नगरपालिकेशीही जोडलेली असते, त्यामुळे वर्गातलं निरीक्षण धोरण ठरवणाऱ्या टेबलापर्यंत पोचतं.

रेज्जोचं कौतुक करणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. तिथल्या शिक्षकांच्या आठवड्याच्या ३६ तासांपैकी सुमारे सहा तास मुलांशिवायचे असतात. बैठका, आखणी आणि नोंदींवरच्या चर्चेसाठी. हे सहा तास आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी वेळापत्रक बसवतं, बदली माणूस देतं, त्याचा पगार अंदाजपत्रकात धरतं. म्हणजे प्रशासनच. त्यामुळे प्रशासकाला रुक्ष कारकून ठरवून शैक्षणिक नेत्याचे पोवाडे गाणं मला पटत नाही. टबाशेजारची ती चर्चा दुपारी अर्धा तास मिळाला, म्हणून झाली.

एकच व्यक्ती दोन्ही करू शकते का? छोट्या केंद्रात तिला करावंच लागतं. फक्त दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीनं शिकवता येत नाहीत. हिशेब, कायदा, भरतीचे नियम वर्गखोलीत बसून काही आठवड्यांत येतात. मुलाचं शिकणं ओळखायला, आणि ते ओळखून शिक्षकाला न दुखावता बोलायला, फार वेळ लागतो. त्यासाठी स्वतः वर्गात बसावं लागतं, चित्रफीत थांबवून पुन्हा बघावी लागते. सर्वांत अवघड म्हणजे आपण शिक्षकाशी कसं बोललो, हे दुसऱ्या कोणाला तरी बघू द्यावं लागतं. वरच्या पदावरच्या माणसांना हे शेवटचं अजिबात रुचत नाही, आणि अभ्यासक्रमातून पहिली कात्री लागते ती यालाच.

म्हणून एखाद्या नेतृत्व-अभ्यासक्रमाची पत्रिका हाती आली, तर मी आधी विषयांची यादी बघत नाही. सहभागी किती वेळा वर्गात जाणार, तिथून काय घेऊन येणार, आणि त्यावर त्यांच्याशी कोण बोलणार, ते शोधतो. हे तिन्ही रकाने कोरे असतील तर तो प्रशासनाचा अभ्यासक्रम आहे. तो जरूर करावा. बालशिक्षणाचा दर्जा वाढवण्याची तरतूद मात्र वेगळी करावी लागेल.