ओठावरचा जर: औषधाची खरी वेळ फोड दिसायच्या आधीची

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघत भर उन्हात तीन-चार तास काढले, की आठवड्याभरात ओठाच्या कडेला जर (बारीक पाणीदार फोडांचा पुंजका) उठतो, हा अनुभव इंदुरात अनेकांना असेल. दोष मात्र गुलालाला किंवा पोटातल्या उष्णतेला दिला जातो. करणारा असतो हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, बहुधा त्याचा पहिला प्रकार. तो लहानपणीच कुणाच्या तरी पाप्यातून अंगात शिरतो आणि चेहऱ्याच्या चेतातंतूंच्या गाठीत कायमचा दडून बसतो. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ दोन तृतीयांश माणसांत तो आहे, आणि बहुतेकांना पत्ताही नसतो. कडक ऊन, ताप, जागरण, पाळी, दाताचं काम असं काही निमित्त झालं की तो त्याच तंतूवरून ओठाकडे उतरतो. जर बहुधा ठरल्या जागीच उठतो तो यामुळेच.

आधी ती जागा चुरचुरते, खाजते, ताणल्यासारखी वाटते. आरशात काहीच दिसत नाही. हेच काही तास लाखमोलाचे! असायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्याच एका एन्झाइममुळे कामाला लागतं आणि त्याच्या डीएनएची नक्कल थांबवतं, म्हणून निरोगी पेशींना त्याचा फारसा त्रास होत नाही. पण या नकला मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांतच होतात. खपली धरल्यावर थांबवायला काही उरतच नाही. जखम सात ते दहा दिवसांत आपली आपणच भरते, आणि श्रेय ट्यूबला मिळतं.

पाच टक्क्यांचं असायक्लोव्हिर मलम दिवसातून ५ वेळा, ४-५ दिवस लावतात. त्याने फार तर अर्धा-एक दिवस वाचतो. गोळीचा उपयोग जास्त. प्रौढांसाठी व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम, एवढाच कोर्स. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून हे डॉक्टरांना विचारूनच. ज्यांना जर वरचेवर उठतो त्यांनी चिठ्ठी आधीच लिहून घेऊन गोळ्या घरात ठेवाव्यात. रात्री अकराला चुरचुर सुरू झाली तर सकाळची वाट बघण्यात निम्मी संधी जाते. वर्षातून सहा किंवा जास्त वेळा होत असेल तर रोज छोटा डोस काही महिने घेण्याचाही पर्याय आहे. तो डॉक्टरांशी जरूर बोलावा.

सर्वात घातक चूक म्हणजे दुकानातून आणलेलं स्टेरॉइड-मिश्रित मलम. लाली उतरते, पण तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. टूथपेस्ट आणि चुन्याने कातडी भाजते. खपली ओढू नये. तडकू नये म्हणून कापसाच्या काडीने पेट्रोलियम जेली लावावी. पोह्यांवरचा जिरावन मसाला आणि लिंबू तेवढे दिवस बाजूला. तोंडाच्या आत गालाला येणारे पांढरे व्रण मात्र वेगळे, त्यांना ही औषधं लागू नाहीत.

उन्हामुळे जर उठत असेल तर एसपीएफ ३० चा लिप बाम दर दोन तासांनी लावा. खाल्ल्यावर, घाम पुसल्यावर पुन्हा.

फोड ओले असताना लागण सर्वात जास्त. पेला, टॉवेल, लिपस्टिक वेगळी ठेवा, हात लागला की साबणाने धुवा. बारशाला बाळाची पापी अजिबात घेऊ नका: नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. फोडाला लागलेल्या बोटाने डोळा चोळला किंवा कॉन्टॅक्ट लेन्स थुंकीने ओली केली, तर बुबुळावर व्रण होऊन दृष्टी अधू होऊ शकते. डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.