प्रश्न क्रमांक २८

१८७४ साली पुण्यात शिळाछापावर छापलेलं एक हगादा आहे. ज्यू लोकांच्या पेसाख सणाच्या रात्री, इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची आठवण काढताना, घरातली सगळी माणसं एकत्र बसून वाचतात ते पुस्तक. या पुण्याच्या हगाद्यात मूळ हिब्रू मजकुराबरोबर मराठी भाषांतर आहे. चित्रांमध्ये सणाची बिनखमिराची भाकरी करण्याची गडबड चालली आहे, आणि ती करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. वाचनाच्या शेवटी 'पुढच्या वर्षी यरुशलेमला' असं म्हणायचं. म्हणणारं घर मात्र इथलं, मराठी बोलणारं.

हे लोक म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद, त्यामुळे गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर. मग यांचं मन नक्की कुठे? कोकणात की यरुशलेमात?

हा प्रश्न जगभरातल्या अल्पसंख्याकांना विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक म्हण असते: एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. म्हण जुनी आहे म्हणून खरी असेलच असं नाही, ती तपासता येते. ती खरी असेल तर आपल्या समाजाची ओढ जितकी जास्त, तितकी देशाची ओढ कमी दिसायला हवी.

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या पाच हजारांहून जास्त स्थलांतरित घरांतल्या मुलामुलींचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ समाज आणि नवा देश, दोन्हींशी घट्ट नातं असलेल्या मुलांचा गट त्यात सगळ्यांत मोठा निघाला. मनःस्वास्थ्य आणि शाळा, या दोन्हींचा विचार करता हीच मुलं सगळ्यांत चांगली रुळलेली होती. ज्यांना कुठलंच घर आपलं वाटत नव्हतं, त्यांची अवस्था वाईट होती.

आपल्याकडचाही एक आकडा आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये भारतभर सुमारे ३०,००० प्रौढांशी बोलून सर्वेक्षण केलं. त्यात ९५ टक्के मुसलमानांनी आपण भारतीय असल्याचा खूप अभिमान वाटतो असं सांगितलं. चहाच्या टपरीवर आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावर इतकं बोललं जातं, तिथे हा आकडा कुणी सांगितलेला मी अजून ऐकलेला नाही. तो सांगितला जायला हवा.

तरीही काही ठिकाणी ही दोन नाती खरोखर एकमेकांविरुद्ध उभी राहतात. ती कशाने, हे शोधायला १९४३ सालच्या अमेरिकेत जावं लागतं.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरं, शेतं, दुकानं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे जन्माने नागरिक. वर्षभराने, १९४३ च्या सुरुवातीला, छावण्यांतल्या प्रौढांच्या हाती एक छापील फॉर्म आला. प्रश्न क्रमांक २७ सैन्यात सेवा करण्याच्या तयारीबद्दल. प्रश्न क्रमांक २८ असा: अमेरिकेवर बिनशर्त निष्ठा ठेवाल का, आणि जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडून द्याल का?

हा प्रश्न नीट वाचून पाहा. कॅलिफोर्नियात जन्मलेला, जपान कधीही न पाहिलेला वीस वर्षांचा मुलगा 'हो' म्हणाला, तर आधी सम्राटावर निष्ठा होती हे कबूल केल्यासारखं होतं. 'नाही' म्हणाला तर तो देशद्रोही. त्याच्या आईवडिलांची पंचाईत याहून मोठी. जपानमध्ये जन्मलेल्यांना त्या वेळच्या कायद्याने अमेरिकेचं नागरिकत्व मिळतच नव्हतं. जपानशी नातं तोडलं की ते कुठल्याच देशाचे उरले नसते. त्यांच्यासाठी पुढे या प्रश्नाचे शब्द बदलावे लागले. 'नाही' लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांनी जपानच्या प्रेमापोटी नाही, तर संतापाने लिहिलं. आधी तुरुंगात टाकता आणि मग निष्ठा विचारता? त्यांना ट्यूल लेकच्या छावणीत हलवलं गेलं, आणि युद्ध संपेपर्यंत पाच हजारांहून जास्त लोकांनी अमेरिकेचं नागरिकत्व सोडून दिलं. त्यांतले बहुतेक या एकाच छावणीतले.

आता हवाई बेटांकडे पाहू. हल्ला झाला तो इथेच. जपानी वंशाची वस्तीही मोठी, दीड लाखाहून जास्त. एवढ्या माणसांना उचललं तर बेटांवरची कामंच बंद पडली असती, म्हणून लष्करी कायदा लागू झाला तरी सगळ्यांना छावणीत टाकलं गेलं नाही. सैन्याने जपानी वंशाच्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून बोलावलं, तेव्हा हवाईतून मागितले होते १,५००. पुढे आले जवळजवळ १०,०००. मुख्य भूमीवरच्या छावण्यांतून अपेक्षा होती सुमारे ३,००० जणांची, आले साधारण १,२००. पूर्वज तेच, धर्म तोच, युद्धही तेच. सगळ्यांत मोठा फरक काटेरी तारांचा. समाजशास्त्रात असा नैसर्गिक प्रयोग क्वचितच हाती लागतो. (त्या तरुणांनी आईबाप तारेआड असताना लढायला जाण्यासाठी नाव दिलं, हे वाचताना माझा आवंढा दर वेळी अडकतो.)

संशय निष्ठा मोजत नाही, ती बदलतो. घरात सुनेला उठताबसता परकी म्हणत राहिलं की तिचं मन माहेरी धाव घेतं, आणि मग तेच बोट दाखवून म्हणायचं, बघा, हिचं लक्ष माहेरीच. फिनलंडमध्ये इंगा यासिन्स्काया-लाहती आणि सहकाऱ्यांनी जुन्या सोव्हिएत प्रदेशातून आलेल्या लोकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. भेदभाव सोसल्याची जाणीव जितकी जास्त, तितकं फिनिश समाजापासून मन तुटलेलं दिसलं. या स्थलांतरितांत इंग्रियन फिन होते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रशियात राहिलेले फिनिश वंशाचे लोक. रशियात त्यांना फिन म्हणून हिणवलं गेलं, आणि फिनलंडला पोचल्यावर तिथले लोक त्यांना रशियन म्हणू लागले.

हे तुटणं लगेच होत नाही. आधी माणूस धडपडतो. सप्ना चेरियन आणि बेनोआ मोनँ यांच्या २००५ च्या प्रयोगांत आशियाई वंशाच्या अमेरिकन विद्यार्थ्यांना सहज विचारल्यासारखं 'इंग्रजी येतं का?' असं विचारलं गेलं. त्यानंतर त्यांना १९८० च्या दशकातल्या टीव्ही मालिका आठवून लिहायला सांगितल्या, तर आपण इथलेच आहोत हे दाखवण्यासाठी ते त्यात जास्त वेळ घालवू लागले. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला ही धडपड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. 'तुम्ही मूळचे कुठले?' या प्रश्नाचं उत्तर ऐकूनही समोरच्याचं समाधान झालेलं नाही, हे त्याने अनुभवलेलं असतं.

बेने इस्राएलांना ही परीक्षा भारतात द्यावी लागली नाही. ती त्यांच्यासमोर आली इस्रायलमध्ये, 'आपल्या' माणसांत. १९४८ नंतर हजारो कुटुंबं तिकडे गेली. रंगावरून वेगळं वागवलं जातं म्हणून काहींनी तिथे धरणं धरलं, आणि १९५२ मध्ये काही जण भारतात परतही आले. १९६२ मध्ये मुख्य रब्बींनी, म्हणजे तिथल्या ज्यू धर्मगुरूंनी, सूचना काढली की लग्न लावण्याआधी बेने इस्राएल माणसाचे पूर्वज तपासावेत, आईची आई, तिची आई, जितकं मागे जाता येईल तितकं. ज्यांनी शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांना विचारलं गेलं की तुम्ही खरे ज्यू ना? यरुशलेममध्ये धरणी, निदर्शनं झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि सूचनेतला त्यांचा खास उल्लेख काढावा लागला. त्यांची जनुकं तपासणारा शोधनिबंध २०१६ मध्ये आला. त्यात ज्यू पूर्वजही सापडले आणि भारतीय पूर्वजही, दोन्ही भरपूर.

इस्रायलमध्ये गेलेल्या या समाजाने आपल्या भाषेत नियतकालिक काढलं, त्याचं नाव 'मायबोली'. एलियाहू हन्नाबीच्या नावाने केला जाणारा मलिदा त्यांच्या घरांत अजूनही होतो: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, गूळ, वर फळं, आणि त्या ताटाभोवती हिब्रू प्रार्थना. संदेष्टा एलियाहू अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला, त्याच्या रथाच्या चाकांची खूण तिथल्या खडकावर उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा. पवित्र भूमीत जन्मलेली त्यांची नातवंडं ती खूण पाहायला आता रायगड जिल्ह्यात येतात.