८०जी वेगळं आणि अ‍ॅरिझोनाचं क्रेडिट वेगळं

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, आमच्या फिनिक्स-चँडलरकडच्या मराठी ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, "होमलेस शेल्टरला डोनेशन दिलं की टॅक्समध्ये सूट मिळते, आपल्या ८०जी सारखी." अहो नाही! या एका 'सारखी'पायी लोक "एवढ्याशा सुटीसाठी कुठे फॉर्म भरत बसायचं" म्हणून सोडून देतात आणि मग माझं डोकं फिरतं.

८०जी, म्हणजे भारतातलं देणगीवरच्या इन्कम टॅक्स सवलतीचं कलम, तुम्हाला पाठ आहे. जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तरच, बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेतली निम्मी उत्पन्नातून वजा. दहा हजार दिले तर पाच हजार वजा, तीस टक्क्यांच्या स्लॅबला दीड हजार वाचले, सेसचं सोडा. उरलेले साडेआठ हजार आपल्याच खिशातून गेले.

अशा देणगीवर मिळणारं अ‍ॅरिझोनाचं टॅक्स क्रेडिट उत्पन्नाला हातच लावत नाही, ते थेट टॅक्सच्या आकड्यातून वजा होतं, डॉलरला डॉलर. २०२४ साठी मर्यादा होती एकट्याला ४७० आणि नवरा-बायको जॉइंट भरत असतील तर ९३८ डॉलर. आता बघा, इथला राज्याचा दर सरसकट अडीच टक्के. हेच ९३८ उत्पन्नातून वजा झाले असते तर वाचले असते साडेतेवीस डॉलर, दोघांचं एक जेवण पण नाही. क्रेडिटमध्ये वाचतात पूर्ण ९३८. म्हणजे राज्याला जाणारे पैसे तुम्ही शेल्टरकडे वळवता, बस. फक्त आधी खिशातून द्यावे लागतात, परत मिळतात रिटर्नच्या वेळी.

इथे लगेच दुसरा घोळ, आणि तो चांगले शिकलेले लोक घालतात. मागे एक मित्र म्हणाला, "मला तर २१० डॉलर रिफंड येतोय, मला टॅक्स लागतच नाही, मग क्रेडिट कशातून घेऊ?" अरे बाबा, रिफंड आला म्हणजे टॅक्स शून्य नसतो! त्याचा टॅक्स होता २,९००, पगारातून कापले होते ३,११०, म्हणून २१० परत. क्रेडिट लागतं त्या २,९०० ला. ९३८ दिले असते तर टॅक्स राहिला असता १,९६२ आणि रिफंड आला असता १,१४८. कागदावर मांडून दाखवलं तेव्हा गप्प झाला. हां, खरोखरच टॅक्स शून्य असेल तर राज्य खिशातून काही देत नाही, पण न वापरलेलं क्रेडिट पुढची पाच वर्षं ओढता येतं.

बाकी बारीकसारीक: जुने कपडे-ब्लँकेटं या क्रेडिटमध्ये धरत नाहीत, पैसेच द्यावे लागतात. पंधरा एप्रिलपर्यंत दिलेलं मागच्या वर्षात धरता येतं. आणि तेच पैसे फेडरल, म्हणजे केंद्राच्या रिटर्नमध्ये चॅरिटी म्हणून पुन्हा दाखवायची हुशारी आयआरएसच्या (केंद्राच्या टॅक्स खात्याच्या) २०१९ च्या नियमानंतर चालत नाही, बहुतेक जण देणग्या वेगळ्या न दाखवता ठरावीक स्टँडर्ड डिडक्शन घेतात त्यामुळे तसाही फरक पडत नाही.

कुठे द्यायचं म्हणाल तर राज्याने मान्य केलेल्या संस्थांची यादी मोठी आहे, मी शेल्टरलाच देतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस दिवसाचा कमाल पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला होता, आपल्या हिशेबात त्रेचाळीस अंश, आणि अशात माणसं फुटपाथवर झोपत होती. सेंट्रल अ‍ॅरिझोना शेल्टर सर्व्हिसेस आणि यूएमओएम, या दोन्ही शेल्टर चालवणाऱ्या संस्था राज्याच्या यादीत आहेत. या क्रेडिटच्या फॉर्म ३२१ मध्ये संस्थेचा पाच आकडी कोड टाकावा लागतो, पावतीवर नसेल तर महसूल खात्याच्या यादीत सापडतो, आणि तो कोड मला रात्री साडेअकराला मेसेज करून विचारू नका.